एडवर्ड हॉपर : एकांत आणि ऊन

अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर (१८८२–१९६७) याचे नाव निघाले की पाठोपाठ ‘एकाकीपणा’ हा शब्द येतो. चरित्रकोशात, प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात, वर्तमानपत्री लेखात, सर्वत्र ही जोडी कायम आहे. २०२० साली साथीमुळे जगभरची शहरे घरात कोंडली गेली, तेव्हा खिडकीशी एकटीच बसलेली त्याची माणसे असंख्य लोकांनी एकमेकांना पाठविली आणि आता आपण सारेच हॉपरच्या चित्रातले झालो, असे म्हटले. एखाद्या चित्रकाराची प्रतिमा सामान्य माणसाला इतकी आपली वाटावी, हे त्याचे भाग्यच म्हणावयाचे. परंतु खुद्द हॉपरला हे एकाकीपणाचे प्रकरण फार ताणले जाते असे वाटत असे. आपल्याला काय रंगवावयाचे होते याविषयी तो एकदा जे बोलला, त्यात माणसाचा उल्लेखदेखील नाही. घराच्या भिंतीवर पडलेले ऊन आपल्याला रंगवावयाचे होते, एवढेच त्याचे म्हणणे.

कलावंताने स्वतःच्या कृतीविषयी केलेले विधान समीक्षकाने प्रमाण मानलेच पाहिजे असे नाही. हॉपर मितभाषी होता, आणि मितभाषी माणसाचे एखादे वाक्य आपण वाजवीपेक्षा अधिक मोलाचे मानतो, हाही धोका आहे. तथापि ते विधान बाजूस सारण्यापूर्वी त्याची चित्रे त्या दृष्टीने एकदा पाहणे न्यायाचे होईल. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हॉपरच्या चित्रांत एकटेपणाचे दोन भिन्न प्रकार आहेत, आणि कोणत्या चित्रात कोणता प्रकार आहे हे माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्यावर पडलेल्या प्रकाशावरून अधिक खात्रीने ओळखता येते. आरंभीच हेही सांगितले पाहिजे की, ही चित्रे मी छापील प्रतींतून पाहिली आहेत. तेव्हा रंगाच्या थराविषयी किंवा कुंचल्याच्या फटकाऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. विषय, मांडणी आणि प्रकाश यांपुरतेच हे विवेचन आहे.

हॉपरचा जन्म हडसन नदीकाठच्या नायॅक या गावी २२ जुलै १८८२ रोजी झाला. न्यूयॉर्क स्कूल ऑफ आर्टमध्ये रॉबर्ट हेन्राय हा त्याचा गुरू. १९०६ ते १९१० या अवधीत तो तीन वेळा युरोपला गेला. मुक्काम मुख्यतः पॅरिसला. त्या दिवसांत पॅरिसमध्ये चित्रकलेची सारी उलथापालथ चालली होती. पण पिकासोचे नाव तेव्हा कानावर आल्याचेही आपल्याला आठवत नाही, असे तो पुढे सांगे. त्याच्या लक्षात राहिला तो तेथला उजेड. तेथल्या सावल्यादेखील त्याला उजळ वाटल्या. मायदेशी परतल्यावर पोटासाठी त्याने जाहिरातींची व मासिकांतील कथांची चित्रे काढली. संपादकांना हातवारे करणारी माणसे हवी असत, आणि याला रस इमारतींत. १९१३ साली न्यूयॉर्कच्या ‘आर्मरी शो’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्याचे एक तैलचित्र २५० डॉलरला विकले गेले. पुढचे चित्र विकले जाण्यास दहा वर्षे लागली. १९२३ मधील एक जलरंगचित्र ब्रुकलिन म्यूझियमने १०० डॉलरला घेतले, तेव्हा चित्रकाराने चाळिशी ओलांडली होती. दिवसाचा उत्तम भाग चरितार्थाला द्यावयाचा आणि उरलेल्यात आपले खरे काम करावयाचे, ही स्थिती काय असते हे या मासिकाच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

१९१३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे चौपन्न वर्षे, तो न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरवरील एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर राहिला. वर जाण्यास चौऱ्याहत्तर पायऱ्या होत्या, आणि शेगडीचा कोळसा त्या पायऱ्यांवरून वर न्यावा लागे. चित्रांना मोठी किंमत येऊ लागल्यावरही त्याने हे बिऱ्हाड सोडले नाही. या अर्ध्या शतकात भोवतालचे शहर आकाशात चढत गेले. त्याच्या चित्रांत मात्र गगनचुंबी इमारती जवळजवळ नाहीतच. असल्या तर चौकटीच्या कडेला, अर्ध्याच कापलेल्या. त्याचे शहर आडवे आहे.

या शहराचे वेगळेपण कळण्यासाठी त्याच्या आधीच्या पिढीकडे पाहावे लागते. १९०८ साली हेन्राय व त्याचे सात सहकारी यांनी न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीत प्रदर्शन भरविले. त्यांच्यातील काहींनी चित्रकलेला गल्लीबोळात आणले म्हणून त्यांच्या संप्रदायाला पुढे थट्टेने ‘राखेच्या डब्याचा संप्रदाय’ असे नाव पडले. जॉन स्लोनच्या १९१२ मधील एका चित्रात रविवारच्या उन्हात गच्चीवर तीन स्त्रिया केस वाळवीत आहेत. जॉर्ज बेलोजच्या ‘क्लिफ ड्वेलर्स’ (१९१३) या चित्रात उंच घरांमधल्या गल्लीत बायामुलांची दाटी झाली आहे आणि डोक्यावर वाळत घातलेल्या कपड्यांच्या रांगा आहेत; गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ते दृश्य परके वाटू नये. या चित्रकारांच्या शहरात ऊन आहे, परंतु ते गर्दीचा सोबती म्हणून आहे. हॉपरने याच गुरूपासून शहर घेतले आणि त्यातून गर्दी वजा केली. गोंगाट वजा केला, लहान मुले वजा केली, रस्त्यावरची वाहनेही बहुतेक वजा केली. जे उरले त्यात भिंती, खिडक्या, एखाददुसरा माणूस आणि प्रकाश.

गर्दी वजा केल्यावर जे उरते त्याला काय म्हणावे? आपल्या भाषेत यासाठी तीन शब्द आहेत, आणि तिन्ही निराळे आहेत. ‘एकटेपणा’ ही नुसती वस्तुस्थिती. जवळ दुसरे कोणी नाही, एवढाच तिचा अर्थ. ‘एकाकीपणा’ म्हणजे त्या स्थितीची वेदना. कोणीतरी असावयास हवे होते, हा अभाव त्यात आहे. ‘एकांत’ हा तिसरा शब्द सर्वांत जुना आणि सर्वांत मानाचा. एकांत माणूस शोधतो, मिळवितो, जपतो. त्यात अभाव नसून अवकाश असतो. इंग्रजीतही वेदनेचा शब्द आणि अवकाशाचा शब्द वेगळे आहेत. पण हॉपरविषयी लिहिताना बहुतेक सारे पहिलाच उचलतात. मला वाटते, त्याची रात्रीची चित्रे एकाकीपणाची आहेत आणि दिवसाची बरीचशी चित्रे एकांताची.

रात्रीची चित्रे आधी घेऊ. ‘ऑटोमॅट’ (१९२७) या चित्रात एक तरुण स्त्री गोल टेबलाशी कॉफीचा पेला घेऊन बसली आहे. ऑटोमॅट म्हणजे भिंतीतल्या खणात नाणे टाकून हवा तो पदार्थ काढून घ्यावयाचा, अशी त्या काळची उपाहारगृहे. वाढपी नाही, त्यामुळे बोलण्याचा प्रसंगही नाही. तिने एकाच हाताचा मोजा काढला आहे. बसावे की निघावे, हे तिचे ठरलेले दिसत नाही. समोरची खुर्ची रिकामी आहे. पण चित्रातील सर्वांत विलक्षण वस्तू म्हणजे तिच्या पाठीमागची मोठी काच. त्या काचेत रस्ता दिसत नाही, समोरचे घर दिसत नाही. छतावरील दिव्यांच्या दोन रांगांचे प्रतिबिंब तेवढे अंधारात दूरवर जाताना दिसते. बाहेरचे जग आत आणावे म्हणून खिडकी असते. येथे ती आतला उजेडच परत आत फेकते.

‘नाइटहॉक्स’ (१९४२) हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात ओढली गेली. न्यूयॉर्कमध्ये दिवे मालविण्याचे सराव सुरू झाले. त्याच आठवड्यांत हॉपर हे चित्र रंगवीत होता आणि जानेवारी १९४२ मध्ये ते पुरे झाले. त्याच वर्षी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने ते ३,००० डॉलरला विकत घेतले. निर्जन चौकाच्या कोपऱ्यावर रात्रीचे उपाहारगृह, आत एक जोडपे, पाठमोरा बसलेला तिसरा एक गृहस्थ आणि पांढऱ्या पोशाखातला नोकर. चौघे एका छताखाली आहेत, तरी कोणी कोणाकडे पाहत नाही. रस्त्यावरून आत जाण्याचे दार चित्रात कोठेच दिसत नाही, ही गोष्ट अनेकांनी नोंदविली आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तेथला उजेड. ट्यूबलाइट तेव्हा नव्यानेच वापरात येत होती. तिचा हिरवट पांढरा झोत काचेतून बाहेर येऊन फरसबंदीवर सांडला आहे. पलीकडच्या बंद दुकानात पैसे घेण्याचे यंत्र अंधूक दिसते. या उजेडाला मालक आहे. गिऱ्हाईक यावे म्हणून कोणीतरी तो लावला आहे, आणि दुकान बंद होईल तेव्हा तो मालविला जाईल. त्यात बसलेली माणसे त्या उजेडाची भाडेकरू आहेत. या चित्रात नकळत आपण मोठ्या शहराचा एकाकीपणाच रंगविला असावा, असे हॉपरनेही मान्य केले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

‘रूम इन न्यूयॉर्क’ (१९३२) या चित्रात तर दोघे नवराबायको आहेत. दिव्याच्या पिवळ्या उजेडात पती वर्तमानपत्रात बुडाला आहे. पत्नी पियानोकडे अर्धवट वळून एका बोटाने एखादा सूर दाबते आहे. खोलीत दोन माणसे असूनही एकाकीपणा कमी होत नाही, उलट दुणावतो. ‘ऑफिस अॅट नाइट’ (१९४०) मध्ये साहेब मेजाशी आणि टंकलेखिका फायलींच्या कपाटाशी. येथे उजेडाचे तीन उगम आहेत: छताचा दिवा, मेजावरचा दिवा आणि खिडकीतून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा झोत. तिन्ही माणसाने लाविलेले, आणि त्यांतला एकही त्या दोघांना जवळ आणीत नाही. खांबांवरून धावणाऱ्या शहरी आगगाडीतून रात्री जाताना क्षणभर दिसणाऱ्या कचेऱ्यांवरून हे चित्र सुचले, असे हॉपरने लिहून ठेविले आहे. चालत्या गाडीतून पाहणारा माणूस आत जाऊ शकत नाही आणि विचारूही शकत नाही. हॉपरने आपल्यालाही त्याच जागी उभे केले आहे.

आता दिवसाकडे वळू. ‘अर्ली संडे मॉर्निंग’ (१९३०) हे चित्र न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अॅव्हेन्यूवरील दुकानांच्या एका रांगेचे आहे. खाली दुकाने, त्यांच्या पाट्यांवरील अक्षरे न वाचता येण्याजोगी. वर तांबड्या विटांचा एकच मजला, त्यात खिडक्यांची ओळ. प्रत्येक खिडकीचा पडदा निराळ्या उंचीवर ओढलेला. पदपथावर न्हाव्याच्या दुकानापुढील रंगीत पट्ट्यांचा खांब आणि आगीच्या वेळी पाणी घेण्याचा लोखंडी नळ. चित्रात माणूस नाही. एका खिडकीत आधी एक व्यक्ती रंगविली होती आणि मग चित्रकाराने तिच्यावर रंग फिरविला. ‘संडे’ हा शब्ददेखील त्याचा नव्हे. तो नंतर कोणीतरी जोडला. एवढ्या साध्या दृश्यापुढे पाहणारा थांबतो तो उन्हामुळे. सकाळचे आडवे ऊन त्या सबंध रांगेवर सारखे पसरले आहे. खांबाच्या आणि नळाच्या सावल्या पदपथावर लांबच लांब, रस्त्याच्या दिशेने पडल्या आहेत.

हे दृश्य म्हणजे सेव्हन्थ अॅव्हेन्यूचे जवळजवळ शब्दशः भाषांतर, असे हॉपर म्हणे. पण तो रस्ता दक्षिणोत्तर आहे, आणि दक्षिणोत्तर रस्त्यावर सकाळच्या सावल्या अशा रस्त्याच्या लांबीला धरून पडत नाहीत. म्हणजे वास्तववादी म्हणून गणल्या गेलेल्या या चित्रकाराने विटा जशाच्या तशा ठेविल्या आणि सूर्य मात्र आपल्या सोयीने हलविला. मला ही गोष्ट त्याच्या कलेची किल्ली वाटते. वस्तू जगातून घेतलेल्या, प्रकाश आतून आणलेला. बाहेरच्या जगाची आपल्या अंतरातील जगाच्या द्वारे पुनर्निर्मिती करणे हे वाङ्मयव्यवहाराचे आदि आणि अंत होय, अशा आशयाचे गटेचे एक वचन तो पैशांच्या पाकिटात जवळ बाळगीत असे. ते त्याने का बाळगिले, याचा उलगडा येथे होतो.

या उन्हाला मालक नाही. ते न्हाव्याच्या खांबावर पडते, विटांवर पडते, पडद्यांवर पडते. पडद्यांमागे निजलेल्यांची ते विचारपूस करीत नाही आणि त्यांना उठवीतही नाही. रात्रीच्या चित्रांतला उजेड माणसाला उघडे पाडतो; हे ऊन त्याला आहे तसे राहू देते. रस्ता रिकामा असूनही उदास का वाटत नाही, याचे कारण मला यात दिसते. येथे कोणाची उणीव नाही. शहर स्वतःशीच आहे.

येथे हवामानाचा एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. आपल्या साहित्यात ऊन बहुधा तापाचे आणि सावली सुखाची. नागपूरच्या वैशाखात दिवस काढलेल्या माणसाला ऊन हे चिंतनाचे स्थान वाटणे कठीण. न्यूयॉर्क सुमारे ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, आणि डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे २६ अंशच वर असतो. हॉपरचे ऊन तिरपे आहे, ते खिडकीतून खोलीत दूरवर येते आणि भिंतीवर आपली चौकट आखते. ते भाजीत नाही, आणि फारसे ऊबही देत नाही. आपल्याकडील कोवळ्या उन्हाचा मायाळूपणा त्यात शोधणारा निराश होईल.

‘मॉर्निंग सन’ (१९५२) या चित्रात एक स्त्री पलंगावर गुडघे जवळ घेऊन उघड्या खिडकीकडे तोंड करून बसली आहे. मागील भिंतीवर उन्हाचा मोठा चौकोन. तिच्या चेहऱ्यावर ना हर्ष ना खेद. बहुतेक भाष्यकारांनी तिला दुःखी ठरविले आहे. मी ते चित्र पुनःपुन्हा पाहिले आणि मला दुःखाचा पुरावा सापडला नाही. चित्रकाराने तिच्या अंगावरील उन्हाला आणि भिंतीवरील उन्हाला सारखेच लक्ष दिले आहे, एवढे खरे. या चित्राच्या कच्च्या रेखाटनावर त्याने देहाच्या प्रत्येक भागावरील प्रकाशाच्या छटांच्या टिपा लिहून ठेविल्या आहेत. माणसाला भिंतीपेक्षा अधिक मान द्यावा, अशी आपली अपेक्षा असते. तो न मिळाला की आपण त्याला दुःख समजतो. परंतु सकाळी उठून, कोणाशी बोलण्यापूर्वी, आपण कोणाचे कोण आहोत हे आठवण्यापूर्वीची काही मिनिटे प्रत्येकाच्या वाट्याला येतात. त्या वेळी चेहरा असाच असतो. त्या मिनिटांना कोणी दुःख म्हणत नाही.

आपल्या वाचकांनी आवर्जून पाहावे असे चित्र म्हणजे ‘ऑफिस इन अ स्मॉल सिटी’ (१९५३), सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये असलेले. लहान शहरातील एका कचेरीच्या वरच्या मजल्यावरील कोपऱ्याची खोली. तिला दोन बाजूंनी मोठमोठ्या खिडक्या. मेजाशी एक माणूस बसला आहे आणि बाहेर पाहतो आहे. समोर जुन्या इमारतींचे माथे आणि निळे आकाश. कचेरीची भिंत कोरी, काँक्रीटची. तिच्यावर ऊन पडले आहे. हॉपरची पत्नी या चित्राला ‘काँक्रीटच्या भिंतीतला माणूस’ म्हणे, आणि त्या नावावरून आधुनिक नोकरशाहीने कोंडलेल्या जीवाचे हे चित्र असा अर्थ लावणे सोपे आहे. तो अर्थ खोटा नाही. भिंत आहे, मेज आहे, आणि सायंकाळपर्यंत त्या माणसाला उठता येणार नाही, हेही उघड आहे. पण हॉपरने आपल्याला त्या माणसाचे काम दाखविलेले नाही. कागदांपासून त्याची नजर सुटली तो क्षण दाखविला आहे. त्याच्या पदाचा, पगाराचा, वरिष्ठांचा त्या क्षणाशी संबंध नाही. खिडकी भिंतीचाच भाग आहे, आणि ऊन त्या दोहोंवर सारखेच आहे. कोंडवाडा आणि मोकळीक एकाच चौकोनात रंगविण्याचे हे कसब ‘ऑफिस अॅट नाइट’मध्ये नव्हते, कारण तेथे बाहेरून येणारा उजेडदेखील नगरपालिकेचा होता.

तथापि ऊन पडले की एकांत लाभला, असा सिद्धान्त मांडल्यास तो हॉपरच खोडून काढील. ‘पीपल इन द सन’ (१९६०) मध्ये पाच माणसे पूर्ण पोशाखात, बूट घालून, आरामखुर्च्यांवर ओळीने बसली आहेत. चौघे समोरच्या डोंगरांकडे तोंड करून ऊन घेत आहेत, मागचा एक वाचतो आहे. ऊन भरपूर, पण प्रसंग एखाद्या प्रतीक्षालयासारखा. दिल्लीच्या हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत सरकारी कचेऱ्यांपुढील हिरवळीवर शेकडो माणसे अशीच ऊन घेत बसतात. परंतु तेथे शेंगा फोडल्या जातात, संत्री सोलली जातात, बदल्यांच्या आणि बढत्यांच्या वार्ता चालतात. हॉपरच्या पाच जणांना ऊनही घेणे जमत नाही आणि संगतही साधत नाही. ऊन ही जणू ठरावीक मात्रेने घ्यावयाची वस्तू, असे समजून ती आली आहेत. एकांत उन्हाने आपोआप मिळत नाही. उन्हाकडून काही मागावयाचे नाही, ही तयारी माणसाजवळ असावी लागते, असे हे चित्र मला सांगते.

हॉपरवरील आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. क्लेमंट ग्रीनबर्ग या प्रभावी टीकाकाराने १९४६ साली लिहिले की हॉपर हा वाईट चित्रकार आहे. मात्र तो अधिक चांगला चित्रकार असता, तर इतका श्रेष्ठ कलावंत बहुधा झाला नसता. या विधानाचा पूर्वार्ध कठोर असला तरी निराधार नाही. त्याच्या मनुष्याकृती पुष्कळदा लाकडी वाटतात, हात अवघडलेले, चेहरे ठोकळ. शिवाय त्याचे शहर अपुरे आहे. न्यूयॉर्क हे जगभरच्या माणसांचे शहर. त्याच्या चित्रांत कृष्णवर्णीय माणूस क्वचितच दिसतो, आणि बेलोजच्या गल्लीतील बायामुले तर त्याने केव्हाच घालवून दिली. एकांत रंगविण्यासाठी त्याने ज्यांना वगळले त्यांची संख्या मोठी आहे. हा दोष मान्य करूनच त्याची थोरवी सांगितली पाहिजे.

परंतु मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न निराळा आहे. १९२४ साली हॉपरने जोसेफिन निव्हिसन हिच्याशी विवाह केला. ती स्वतः चित्रकार, हेन्रायचीच विद्यार्थिनी. १९२३ च्या ब्रुकलिन म्यूझियमच्या प्रदर्शनात हॉपरची जलरंगचित्रे घ्यावीत, असे तिनेच सुचविले, आणि तेथूनच त्याचे भाग्य उघडले. विवाहानंतर त्याच्या चित्रांतील स्त्रियांसाठी तीच बसली. ‘मॉर्निंग सन’मधील स्त्रीसाठी बसली तेव्हा ती सत्तरीच्या उंबरठ्यावर होती, ‘अ वूमन इन द सन’ (१९६१) साठी उभी राहिली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. त्याच्या प्रत्येक चित्राची नोंद तिने वह्यांतून ठेविली. तिची स्वतःची चित्रे मात्र मागे पडत गेली, आणि पतीने उत्तेजन दिले नाही, ही खंत तिच्या रोजनिशीत जागोजागी आहे. पतीच्या अबोलपणाला उद्देशून ती म्हणे की एडीशी बोलणे म्हणजे विहिरीत दगड टाकणे, फक्त दगड तळाला लागल्याचा आवाज येत नाही.

तेव्हा त्या बिऱ्हाडात एकाचा एकांत आणि दुसरीचा एकाकीपणा एकत्र नांदत होते, आणि पहिल्याची किंमत दुसरीने चुकविली, असे म्हणणे भाग आहे. परक्या प्रांतात नोकरीसाठी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही गोष्ट फार दूरची वाटू नये. कचेरीतून दमून आलेल्या पुरुषाला घरातली शांतता हवीशी वाटते; पण ज्या गावात भाषा कळत नाही, शेजार जुळत नाही, तेथे दिवसभर तीच शांतता जिने सोसली तिच्या दृष्टीने ती निराळी असते. ‘रूम इन न्यूयॉर्क’मधील एका बोटाने दाबलेला तो सूर मला या संदर्भात ऐकू येतो. हॉपरने आयुष्यात तो ऐकला की नाही, यावर त्याचे चरित्रकार वाद घालोत. चित्रात त्याने तो ऐकला आहे. चित्रकाराची दृष्टी माणसापेक्षा अधिक उदार असू शकते, याचे हे उदाहरण आहे, निदान मी तरी त्याकडे तसे पाहतो.

१९६३ साली, वयाच्या ऐंशीनंतर, हॉपरने ‘सन इन अॅन एम्प्टी रूम’ हे चित्र रंगविले. एक रिकामी खोली, एक खिडकी, बाहेर झाडांची हिरवी पाने, आणि पिवळसर भिंतींवर उन्हाचे दोन उभे पट्टे. सामान नाही, पडदा नाही, माणूस नाही. आरंभी एक व्यक्ती घालण्याचा त्याचा विचार होता. मग ती खोलीच्या मानाने फार मोठी होईल म्हणून त्याने सोडून दिली. ‘अर्ली संडे मॉर्निंग’मध्येही एक व्यक्ती अशीच गेली होती. तेहतीस वर्षांच्या अंतराने दोनदा त्याने माणूस काढला आणि ऊन ठेविले. या खोलीत आपण कशाच्या शोधात आहात, असे विचारले असता, मी माझ्या स्वतःच्या शोधात आहे, अशा अर्थाचे अगदी थोडक्यात उत्तर त्याने दिले. १५ मे १९६७ रोजी तो त्याच वॉशिंग्टन स्क्वेअरच्या चित्रशाळेत वारला. दहा महिन्यांनी जोसेफिनही गेली. जाताना तिने दोघांची हजारो चित्रे व रेखाटने व्हिटनी म्यूझियमला देऊन टाकली.

रंगरेषेच्या प्रभुत्वात हॉपर त्याच्या शतकातील श्रेष्ठांच्या पंक्तीत बसेल की नाही, हे मूळ चित्रे पाहणाऱ्या जाणकारांनी ठरवावे. त्याने एक गोष्ट मात्र निःसंशय साधली. शहरात एकट्या राहणाऱ्या माणसाकडे कीव न करता कसे पाहावे, हे त्याने दाखवून दिले. बदलीच्या गावी, परक्या खोलीत, एखाद्या सुट्टीच्या सकाळी खिडकीशी नुसताच बसून राहिलेला माणूस पाहून त्याला काहीतरी बोचत असले पाहिजे, असे आपण लगेच धरून चालतो आणि सांत्वनाला धावतो. हॉपर त्याला विचारीत नाही. तो आधी पाहतो, त्याच्यावर पडलेला उजेड दिव्याचा आहे की उन्हाचा.